रजिया मॅडम आणि पाणी घातलेली बाटली

रजिया मॅडम इनक्यूबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करायच्या. इनक्यूबेटर म्हणजे एक गरम कपाट. त्यात झाकणाच्या गोल प्लेटा ठेवतात. प्लेटांत शिजवून थिजवलेलं खाद्य असतं आणि त्यावर जंतू वाढतात. मी कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, दार अडकत असेल म्हणून ठोकतात. मग एकदा धीर करून विचारलं.

"आत कोणीतरी राहतंय की, मथुराबाई," त्या म्हणाल्या. "आपण त्यांच्या घरात जायलाव. न सांगता कसं जायचं?"

त्या हसत नव्हत्या म्हणून मीही हसले नाही.

परभणीतल्या एका सायन्स कॉलेजात जंतूंची लॅब आहे. तिथे मी काचसामान धुते, टेबलं पुसते, वापरलेल्या प्लेटा मोठ्या कुकरात उकडून जंतू मारते. माझी चौथी झाली आहे. पेडगावहून रोज येते. मॅडम परभणी सोडून गेल्यापासून त्यांच्या एकेक गोष्टी माझ्या डोक्यातून निसटायला लागल्या आहेत, म्हणून लिहून ठेवते. कोणाला दाखवायचं नाही.

मॅडम ठेंगण्या होत्या. पांढरा कोट त्यांना गुडघ्याच्या खाली यायचा. ओढणी मागे नेऊन तिची गाठ मारलेली असायची, कारण समोर बर्नर पेटलेला असे. लॅबच्या चपला वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या. बाहेरच्या चपलेनं कोणी आत आलं की मॅडम काही बोलायच्या नाहीत, नुसत्या त्या चपलेकडे बघत राहायच्या. एकदा प्रिन्सिपल साहेब तसेच आत आले आणि तेवढ्या बघण्यानं मागच्या मागे बाहेर गेले. चहा लॅबच्या आत कधी नाही. बाहेर लिंबाखाली ओटा आहे, तिथे बसून बशीत ओतून प्यायच्या. रोजे असले तरी आमच्या जेवणाच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायच्या. आम्हाला घास गिळवायचा नाही. मग त्या म्हणायच्या, "खा ना बायांनो. माझं तोंड बघून भाकरी गोड लागणार हाय का?"

आणि रागावल्या की पेन्सिली तासायच्या. त्यांच्या टेबलावर पेन्सिलींचा एक डबा होता. लिहायला एकच लागायची, पण डब्यात दहा-बारा असत. टोकदार पेन्सिली दिसल्या की आम्ही समजायचो, आज कशाला तरी उशीर झाला, नाहीतर कोणीतरी खोटं बोललं.

कॉलेजात मला सगळे 'ए मथुरा' म्हणतात. शिपाईसुद्धा. मॅडम पहिल्या दिवसापासून 'मथुराबाई, तुमी' म्हणाल्या आणि शेवटपर्यंत तेच. जंतूंना मात्र त्या अरेतुरे करायच्या. प्लेट उजेडाकडे धरून म्हणायच्या, "काय रे बदमाशा, लय माजलास. थांब, दाखवते." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "मथुराबाई, जरा तो चिमटा देता का?"

त्यांची एक पद्धत होती. कितीही प्लेटा असोत, त्यांत एक कोरी ठेवायची. तिच्यावर काही टाकायचं नाही, नुसती बाकीच्यांबरोबर उघडायची, झाकायची, गरम कपाटात ठेवायची. तिला त्या साक्षीदार म्हणायच्या. मला ते वाया घालवणं वाटायचं. एकदा म्हणाले तसं. त्या म्हणाल्या, "सगळे आपापलं सांगतात, मथुराबाई. ज्याला काही सांगायचं न्हाई असा एक तरी बसवावा लागतो. तिच्यावर काही उगवलं, तर समजायचं की गडबड आपल्याच घरात हाय."

मी हळूहळू प्रश्न विचारायला लागले ते शेळ्यांमुळे. आमच्या घरी पंधरा-सोळा काळ्या शेळ्या असतात. दर साली एकदोन शेळ्यांना दगडी होते. म्हणजे कास सुजून दगडासारखी कडक होते, दुधात गुठळ्या येतात, आणि शेळी पिलाला जवळ येऊ देत नाही. आधी दोन इंजेक्शनांत कास मऊ पडायची. त्या साली एका शेळीला पाच देऊनही पडली नाही आणि तिचं दूध आटलं. मी भांडी धुताना मॅडमना विचारलं, "औषध नासकं आलं असंल का?"

मॅडमनी हातातलं काम ठेवलं. "औषध नासलं न्हाई. ते आत जातंय बी. पण आत टिकत न्हाई."

मला कळलं नाही. त्यांनी ओल्या टेबलावर बोटानं एक गोल काढला.

"तुमचं माहेर पिंगळीचं ना? भावाची विहीर हाय म्हनला होता. गाळ काढताना काय करतात?"

"मोटर लावतात."

"खाली झरा तर चालूच असतो."

"असतो की."

"मग गाळ काढणारा माणूस बुडत कामून न्हाई?"

"मोटर पाणी फेकते ना वर."

"झालं," मॅडम म्हणाल्या. "ह्या बदमाशाच्या अंगाला तशाच मोटारी हायत. इवल्या इवल्या. आपण औषध सोडायलाव आणि तो फेकायलाय. औषध चांगलं असून काय उपयोग? त्याच्या गळ्यापर्यंत पाणी चढतच न्हाई."

मी विचारलं, "एकाला किती मोटारी असतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, काहीतरी वेडंवाकडं बोलले. पण त्या खूश झाल्या होत्या. "हा सवाल माझी पोरं वर्षभरात विचारत न्हाईत. कोणाला कमी, कोणाला जास्ती. औषध भरपूर दिलं तर सगळे बुडतात. थोडं थोडं दिलं तर कमी मोटारीवाले मरतात आणि जास्तीवाले उरतात. उरलेले अजून मोटारी बसवतात. मग पुढच्या खेपेला पाच इंजेक्शनं दिली तरी त्याला गुदगुल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून उरलेलं सांगितलं. आदल्या दिवशीचं अर्धवट राहिलं म्हणून त्यांना चैन पडलं नसावं. "मोटर नुसतं आपलं औषध फेकत न्हाई. आपलं अंगसुद्धा त्याला मारायला काहीबाही सोडतंय, ते पण फेकून देतो. आणि ह्यांना एकमेकांना निरोप धाडायचा असतो, आपण किती जण जमलाव म्हणून. तो निरोप पण काही जातींत त्याच मोटारीतून बाहेर पडतो. निरोप पोचला की सगळे मिळून चिकटून बसतात, अंगावर जाळं विणतात. ती मोटर बंद पाडली तर तो मरत न्हाई, मथुराबाई. जगतो बिचारा. पण गुंडगिरी जमत न्हाई त्याला."

असं मला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. चौथीपर्यंतच्या गुरुजींनी सुद्धा नाही. ते चांगले होते, पण मी मागे बसायचे.

मोटारी खरंच आहेत का, हे मॅडमनी मला डोळ्यांनी दाखवलं. त्यांची एक विद्यार्थिनी होती, स्नेहल. गंगाखेडहून रोज रेल्वेनं यायची. तिचं शेवटचं वर्ष होतं आणि दगडी झालेल्या जनावरांच्या दुधातले जंतू घेऊन तिचं काम चाललं होतं. ती प्लेटीवर मधून कडेला रेघा ओढायची, बैलगाडीच्या चाकाला आऱ्या असतात तशा. एकेका आरीवर एकेक जंतू. खाद्यात एक रंग मिसळलेला असायचा, आणि एका प्लेटीपेक्षा पुढच्या प्लेटीत तो जास्त. तो रंग विषारी, म्हणून त्या प्लेटांना मला हात लावायची मनाई होती. त्यांची विल्हेवाट मॅडम स्वतः करायच्या.

एक दिवस मॅडमनी मला आतल्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. काचेच्या आड जांभळा दिवा लावला. प्लेटीवरच्या काही आऱ्या केशरी उजळल्या, निखारा फुंकल्यावर उजळतो तशा. दोन आऱ्या काळ्याच राहिल्या.

"सांगा, मोटारी कोणाला जास्ती?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणाले, "चमकतात त्यांना."

"चुकलं," स्नेहल मागून म्हणाली.

"स्नेहल, तू गप. त्यांना विचार करू दे."

मी एकेक आरी पुन्हा बघितली. मग म्हणाले, "रंग आत साठला तर चमकणार. काळ्यांनी फेकून दिला. मोटारी काळ्यांना."

मॅडमनी दिवा बंद केला आणि अंधारातच म्हणाल्या, "हौ." एवढंच. पण त्या दिवशी मी बसमध्ये उभ्यानं पेडगावला गेले आणि उभं राहिल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

टेबलं पुसायला आणि वापरलेल्या काचेच्या नळ्या बुडवून ठेवायला जंतू मारायचं औषध लागतं. घट्ट औषधाचा कॅन येतो, त्यातलं मापानं घेऊन पाण्यात घालायचं आणि बाटल्या भरायच्या. हे काम माझं. त्या साली दिवाळीनंतर नवा कॅन लवकर आला नाही. कॅन संपत आला की मॅडमना ऑफिसात जाऊन पुन्हापुन्हा मागावा लागायचा, आणि तिथून परत आल्या की त्या पेन्सिली तासत बसायच्या. ते मला बघवत नसे. म्हणून मी पुरवून वापरायला लागले. बाटली अर्धी झाली की वरून पाणी. अजून अर्धी झाली की अजून पाणी. बाटली रिकामी करून धुवायची असते तेही केलं नाही, कारण तळाचं औषध वाया गेलं असतं. घरी आम्ही सगळंच असं पुरवतो. पाहुणे वाढले की ताकात तांब्याभर पाणी, कालवणात पाणी. पुरवून वापरणारी बाई शहाणी, असंच मी लहानपणापासून बघत आले. नंतर नवा कॅन आला, पण माझा हात तसाच राहिला.

संक्रांतीनंतर स्नेहलच्या प्लेटांवर एक नको तो जंतू यायला लागला. हिरवट, ओशट दिसणारा. आज या प्लेटीवर, उद्या त्या. तिचे दुधातले जंतू त्याच्याखाली दबून जायचे. मॅडमनी खाद्य बदललं, पाणी बदललं, कापूस बदलला. हिरवा येतच राहिला. मग एक दिवस तो साक्षीदार प्लेटीवर उगवला. मॅडम ती प्लेट घेऊन किती तरी वेळ खिडकीशी उभ्या होत्या. त्या दिवशी डब्यातली एकूण एक पेन्सिल तासली गेली.

विभागाच्या सरांनी येऊन प्लेटा पाहिल्या. ते ओरडले नाहीत. स्नेहलसमोरच मॅडमना म्हणाले, "या मुलीचा हात स्वच्छ नाही. अजून दोन आठवडे बघू. नाहीतर हा प्रोजेक्ट मला मान्य करता येणार नाही."

प्रोजेक्ट गेला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर स्नेहलचं शिक्षणच गेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्या घरच्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं. यंदा पास झालीस तर नोकरीचं बघ, नाहीतर मांडवात बस, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं.

वापरलेल्या प्लेटा कुकरात घालताना एक झाकण माझ्या हातून निसटलं. आतून गोडसर वास आला, द्राक्षं जास्त पिकल्यावर येतो तसा. तो वास माझ्या ओळखीचा होता. महिनाभर बाटलीचं बूच काढलं की मला तोच वास यायचा. औषधाच्या वासाखाली लपलेला, पण तोच.

मला तेव्हाच कळलं. तरी मी चार दिवस बोलले नाही. हे लिहायला हात जड होतो, पण खोटं कशाला लिहू? नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही की मॅडम मला 'ए मथुरा' म्हणतील.

पाचव्या दिवशी स्नेहल बेसिनपाशी हात धूत होती. भांडी घासायच्या ब्रशनं. कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती, बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं.

"पुरे की गं बाई," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मावशी, माझ्या हातात काय हाय हेच कळंना. किती धुतले तरी जाईना."

मी बाटली उचलली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"काय हाय हे?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच्यात मी पाणी घालते."

"किती?"

मला वाटलं होतं, त्या 'कामून' म्हणून विचारतील. त्याचं उत्तर मी चार दिवस पाठ केलं होतं. 'किती'चं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. "अर्धी झाली की अर्धी भरते," मी म्हणाले.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"बाटली मधी धुतली का?"

"न्हाई."

मॅडम उठल्या. "हलवू नका ती. स्नेहल, इकडं ये. कापसाची काडी आण. कोरी प्लेट आण." त्यांचा आवाज बदलला होता. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बाटलीतला एक थेंब त्यांनी प्लेटीवर पसरला, बुचाच्या आतून काडी फिरवून दुसरी प्लेट केली आणि दोन्ही कपाटात ठेवल्या. घाईत असूनही टकटक केली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा हिरव्यागार होत्या. जंतू मारायच्या औषधात जंतू राहत होता. मी त्याच औषधानं रोज टेबलं पुसत होते, म्हणजे रोज त्याला घरभर पेरत होते.

"औषधाच्या बाटलीत बिऱ्हाड केलं बदमाशानं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्नेहलला त्याच्या चाकाच्या प्लेटा करायला लावल्या. शेजारच्या आरीवर त्याच जातीचा, लॅबमध्ये जपून ठेवलेला साधा जंतू. जांभळ्या दिव्याखाली साधा लगेच उजळला. माझ्या बाटलीतला सगळ्यांत जास्त रंगाच्या प्लेटीतही काळाच. नंतर त्यात मोटर बंद पाडणारं एक द्रव्य घातलं, तेव्हा तोही केशरी झाला. मग दवाखान्यात देतात ती औषधं एकेक करून लावून पाहिली. त्यांतली बरीच त्याला लागू पडेनात. ती औषधं त्यानं कधी पाहिलीही नव्हती. टेबलं पुसायच्या पातळ औषधावर शिकलेली मोटर त्याला तिथेही कामी आली.

हे सगळं तपासून झालं त्या दिवशी मॅडमनी मला लिंबाखाली बसवलं.

"मथुराबाई, हे चुकलं. लय चुकलं. ही बाटली एखाद्या दवाखान्यात असती तर ह्यानं माणूस गेलं असतं. मी हे एकदाच सांगते, पुन्यांदा काढणार न्हाई." मग म्हणाल्या, "आता हे सांगा, ते औषध मापानंच कामून घालायचं, हे तुमाला कोणी सांगितलं होतं का?"

"न्हाई. नुसतं माप सांगितलं होतं."

"मग तेवढी चूक माझी," त्या म्हणाल्या आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

सरांना त्यांनी काय सांगितलं ते मला पुष्कळ दिवसांनी शिपायाकडून कळलं. "या लॅबमधली प्रत्येक बाटली माझ्या जबाबदारीची आहे, बाटलीवर माझं लक्ष नव्हतं," असं त्यांनी लिहून दिलं. त्यांना मेमो मिळाला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, तोपर्यंत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता. माझं नाव त्या कागदात कुठेच नव्हतं.

स्नेहलचा प्रोजेक्ट वाचला. बाटलीतल्या जंतूचं तिनं एक जास्तीचं प्रकरण लिहिलं. ते लिहिताना मी किती दिवसांनी किती पाणी घातलं हे ती मला विचारायची, आणि मॅडम तिला बजावायच्या, "आठवत न्हाई म्हनल्या तर आठवत न्हाई असंच लिही. आपल्या मनानं आकडा बसवू नको." ती पास झाली. आता नांदेडला एका लॅबमध्ये आहे. लग्न झालं, पण तिच्या वेळेनं झालं.

लिंबाखालच्या त्या बोलण्यात मॅडमनी मला आणखी एक विचारलं होतं. "घरी शेळ्यांची कास कशानं धुता?" मी सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचे चार थेंब बादलीत टाकून. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, विसरल्या असतील.

निवृत्त झाल्यावर पुढच्याच महिन्यात, एका रविवारी त्या पेडगावला आल्या. एकट्या, बसनं. हातात पिशवी, पिशवीत एक वही आणि आमच्यासाठी खारी. आमच्या वाड्यासमोर, म्हणजे शेळ्यांच्या वाड्यासमोर, आळीतल्या सात-आठ बाया जमल्या. सगळ्या शेळ्यावाल्याच. त्यांत माझी चुलत सासू गयाकाकू होती. तिचं वय कोणाला माहीत नाही आणि तोंड सगळ्यांना माहीत आहे.

"ह्या का त्या किड्यांच्या बाई?" गयाकाकू मोठ्यानं म्हणाली. "शेळीच्या काशेला हात तरी लावतात का दुरूनच शिकवतात?"

मॅडमनी पदर खोचल्यासारखी ओढणी मागे बांधली, चप्पल काढली, लेंड्यांतून आत गेल्या आणि जवळच्या शेळीची कास दोन्ही हातांनी चाचपली. शेळीनं लाथ मारली ती त्यांच्या नडगीवर बसली.

"शेळी शहाणी हाय," मॅडम म्हणाल्या. "अनोळखी बाईला लाथ मारलीच पाहिजे."

बाया हसल्या. मॅडम येऊन पोत्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सांगा, मथुराबाई."

"मी?"

"मी पाहुणी हाय. घर तुमचं, शेळ्या तुमच्या, बाटली बी तुमचीच होती."

मी जमिनीकडे बघत बोलायला लागले. विहीर सांगितली, झरा सांगितला, मोटर सांगितली. मग बाटलीचं सांगितलं, लपवलं नाही. थोडं औषध घातलं की जंतू मरत नाही, मोटारी वाढवून बसतो, म्हणून थेंब मापानंच घ्यायचे आणि इंजेक्शनं कास मऊ पडली तरी अर्ध्यात सोडायची नाहीत. कधी मान वर झाली ते कळलं नाही. मॅडम मधे एक शब्द बोलल्या नाहीत. मी चुकले असते तर बोलल्या असत्या.

मग गयाकाकू म्हणाली, "मंग हेच्यामुळंच शेवटाला होत असंल."

"काय शेवटाला?" मॅडमनी विचारलं.

"दगडी. पहिल्या शेळ्यास्नी कवाच न्हाई होत. शेवटाला ज्या दोन-तीन धुते न्हवं, त्याच सुजत्यात. दर साली. म्या म्हनायची, मागं उभ्या राहनाऱ्या शेळ्याच अशक्त असत्यात."

"बादली एकच असती का?"

"मंग का सोळा शेळ्यांस्नी सोळा बादल्या आणू? एकाच बादलीत सगळ्यांच्या काशी. शेवटाला पानी गढूळ व्हतं, मी अजून तांब्याभर पानी वतते."

मॅडमनी शेळ्यांच्या रांगेकडे बघितलं. "औषध मळानं मरत जातंय," त्या पुटपुटल्या. "पहिल्या शेळीला पुरं. शेवटच्या शेळीला पातळ. वर सगळ्यांचे जंतू." मग एकदम, "काकू, अजून सांगा. किती वर्षं बघायलात हे? पुढं उभ्या राहणाऱ्या शेळ्या त्याच त्याच असतात का बदलतात? उलटीकडून धुवून बघितलं का कधी?"

"मला काय येड लागलंय का उलटीकडून धुवायला?"

"मला लागलंय," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून उलटीकडून धुवा. पंधरा दिवस. आणि मला कळवा कोणाची सुजती."

"आनी सुजली म्हंजी? माझी चांगली शेळी जायची."

मॅडमनी विचार केला. "बराबर हाय तुमचं. मग न्हाई करायचं. दर चार शेळ्यांना बादली बदला, ताजं औषध घ्या. पाणी वतू नका. ते करून बघू."

त्यांना फाट्यापर्यंत सोडायला मी आणि गयाकाकू गेलो. गयाकाकूला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती आली. वाटेत मॅडम तिलाच विचारत चालल्या होत्या. कोणत्या महिन्यात जास्त होतं, पहिल्या वेताला होतं का, पिलांना काही होतं का. मी मागे होते. बस आली. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या. महिन्याभरात त्या लेकीकडे पुण्याला राहायला जाणार होत्या, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. पण त्यांनी पिशवीतून वही काढली होती, मांडीवर ठेवली होती, आणि डोकं खाली घालून लिहायला लागल्या होत्या. बस हालली तरी वर बघितलं नाही. वळणापर्यंत मला त्यांची वाकलेली मान दिसत होती.

"हात बी केला न्हाई गं बाईनं," गयाकाकू म्हणाली.

"लिहायल्यात त्या," मी म्हणाले.

"काय लिहायलीय एवढं?"

"तुमी सांगितलं ते."

गयाकाकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "माझं?" म्हणाली. आणि बस दिसेनाशी झाली तरी ती रस्त्याकडे बघत तिथेच उभी राहिली.